पोलादातील सिलिका-कण आणि अवरक्त वर्णपट

वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी त्यात सिलिकॉन घालतात. त्यापासून बनलेली सिलिका बहुतांशी धातुमळीत जाते. उरलेली सूक्ष्म कणांच्या रूपाने पोलादातच अडकते. भट्टीच्या विटा झिजूनही असे कण पोलादात शिरतात. वारंवार ताण सोसणाऱ्या स्प्रिंगला अथवा बेअरिंगला अशा कणापाशी तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून कण कोठून आला, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. दोष क्रियेचा की विटेचा, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३-६४ मध्ये अम्लाने कोरलेले लोखंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि धातूच्या अंतरंगाचा अभ्यास सुरू झाला. परंतु दृष्टीला कणाचा आकार दिसतो, घटना दिसत नाही. रासायनिक पृथक्करणाने सिलिकेचे प्रमाण कळते, रूप कळत नाही. १९१२ नंतर क्ष-किरणांनी स्फटिकरूपे ओळखता येऊ लागली. तथापि काचरूप सिलिकेचा त्यात अंधुक, पसरट पट्टाच उमटतो.

ही उणीव अवरक्त किरणांनी बऱ्याच अंशी भरून काढली. विल्यम हर्शेल यांनी हे किरण १८०० मध्ये शोधले. विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ मध्ये शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये चूर्ण पोटॅशियम ब्रोमाइडात मिसळून दाबाने चकती करण्याची रीत पुढे आली व अत्यल्प अवशेषाचीही परीक्षा शक्य झाली. सिलिकेच्या सर्व सामान्य रूपांत १,१०० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास तीव्र शोषण होते. क्वार्ट्‌झमध्ये ८०० व ७८० यांच्याजवळ जोडपट्टा दिसतो, क्रिस्टोबलाइटमध्ये ६२० जवळ पट्टा येतो. काचरूप सिलिकेत यांपैकी कोणतीच खूण नसते.

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. पोलाद अवरक्त किरणांना अपारदर्शक असल्यामुळे चकतीसाठी कण आधी वेगळे करावे लागतात. अम्लात पोलाद विरघळविल्यास त्यातील विद्राव्य सिलिकॉनापासून नवीनच अस्फटिकी सिलिका बनू शकते, आणि मुळात नसलेला पुरावा वर्णपटात उमटतो. यासाठी ब्रोमीन-मेथॅनॉल अथवा विद्युत्-विच्छेदन यांसारख्या सौम्य रीती उपयोगात आणल्या गेल्या.

क्वार्ट्‌झची खूण आढळल्यास वाळू वा विटेचा संशय बळावतो. परंतु विटेतील सिलिकाही दीर्घकाळ तापल्यावर क्रिस्टोबलाइट होते. तात्पर्य, वर्णपट कणाचे आजचे रूप सांगतो. त्याचा पूर्ववृत्तान्त मात्र भट्टीची नोंदवही, सूक्ष्मदर्शक आणि वर्णपट यांची साक्ष जुळवूनच ठरवावा लागतो.