सवाई माधवरावांच्या मृत्यूचे प्रवाद

पुण्याच्या शनिवारवाड्यात दोन पेशव्यांचा अकाली अंत झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे गारद्यांच्या तलवारींना बळी पडले. बावीस वर्षांनंतर, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, त्यांचे एकुलते पुत्र सवाई माधवराव त्याच वाड्यात मरण पावले. पित्याचे वय तेव्हा अठरा वर्षांचे होते, पुत्राचे एकवीस. पित्याचा मृत्यू हा खून होता याविषयी कोणाच्या मनात कधी संदेह नव्हता. पुत्राचा मृत्यू मात्र अपघात होता, आत्मघात होता की कोणाच्या कारस्थानाचा परिणाम होता, हा वाद दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

या दोन मृत्यूंचा विचार एकत्र केल्याखेरीज दुसऱ्याभोवती जमलेल्या प्रवादांचा उलगडा होत नाही. नारायणरावांच्या वधामागे खरोखरीच कट होता. सुमेरसिंग, महंमद युसुफ, खरगसिंग हे गारद्यांचे नायक, तुळाजी पवार हा खासगीतील सेवक आणि त्यांच्या पाठीशी चुलते रघुनाथराव अशी त्याची साखळी होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरविले, देहान्त प्रायश्चित्तावाचून या पापाला दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. लोकस्मृतीने मात्र या साऱ्या प्रकरणातून एकच गोष्ट विशेष जपली. आनंदीबाईंनी ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ लिहिला, ही ती गोष्ट. फौजेचा तुंबलेला पगार, घरातील भाऊबंदकी, गारद्यांवर विसंबलेला राज्यकारभार ही कारणे मागे पडली आणि एका स्त्रीने बदललेले एक अक्षर पुढे आले. ‘ध चा मा करणे’ हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. वाड्यात पेशवा मेला की त्यामागे कोणाचा तरी हात असणारच, अशी समजूत महाराष्ट्राच्या मनात या घटनेने रुजविली. सवाई माधवरावांच्या मृत्यूची वार्ता लोकांनी ऐकली ती ही समजूत मनात ठेवून.

माधवरावांचा जन्म पित्याच्या वधानंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला. जन्मानंतर चाळीस दिवसांतच त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांना दूर सारण्यासाठी एकत्र आलेल्या बारभाईंच्या दृष्टीने हे बालक म्हणजे राज्याचा कायदेशीर आधार होते. १७७७ मध्ये आई गंगाबाई वारल्या. पुढे कारभाराची सूत्रे उत्तरोत्तर नाना फडणीसांच्या हाती एकवटली आणि पेशव्यांचे शिक्षण, दिनचर्या, भेटीगाठी हे सर्व नानांच्या देखरेखीखाली चालू लागले. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्या दशकाच्या आरंभी पुण्यात रंगविलेल्या चित्रात तरुण पेशवे आणि त्यांच्या शेजारी नाना असे दोघे दिसतात. त्या काळच्या राज्यव्यवस्थेचे ते यथार्थ चित्र मानावयास हरकत नाही.

या देखरेखीला कारण होते. ज्या मुलाचा बाप घरातच मारला गेला, त्याला जपणे हे कारभाऱ्याचे पहिले कर्तव्य होते. परंतु लहानपणी जे रक्षण होते तेच तरुणपणी बंधन वाटू लागले. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले तेव्हा या मोकळ्या मनाच्या सरदाराकडे पेशव्यांचा ओढा वाढला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस निवर्तले. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. पहिली पत्नी रमाबाई तरुणपणीच वारली होती, दुसरी पत्नी यशोदाबाई अद्याप लहान होती. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला आणि मराठी दौलतीतील जवळजवळ सर्व सरदार अखेरचे एका निशाणाखाली दिसले. या विजयानंतर पेशवे खिन्न दिसल्याची एक आख्यायिका ग्रँट डफने नोंदविली आहे. शत्रूने इतक्या सहज शरण यावे आणि आपल्या लोकांनी बिनकष्टाच्या जयाची बढाई मारावी, याचा त्यांना विषाद वाटला, असा तिचा आशय आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, हा तरुण स्वतंत्रपणे विचार करू लागला होता अशी समकालीनांची धारणा तिच्यातून दिसते.

याच सुमारास रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव जुन्नरजवळ शिवनेरी किल्ल्यावर नजरकैदेत होते. वयाने ते माधवरावांहून काही महिन्यांनीच लहान, नात्याने मात्र चुलते. बळवंतराव नागनाथ यांच्या मार्फत दोघांत गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. आपण दोघेही कैदीच आहोत, एक पुण्यात आणि एक जुन्नरास, असा बाजीरावांच्या पत्राचा आशय ग्रँट डफने दिला आहे. नानांना हे कळताच त्यांनी मध्यस्थास कैदेत टाकले आणि पेशव्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. ज्याच्या बापाने आपल्या धन्याचा घात केला त्याच्याशी धन्याच्याच मुलाने स्नेह जोडावा, ही गोष्ट नानांना असह्य वाटणे स्वाभाविक होते. एकवीस वर्षांच्या पेशव्याला स्वतःच्या आप्तास पत्र लिहिण्याची मोकळीक नसावी, हे माधवरावांना असह्य वाटणेही तितकेच स्वाभाविक होते.

२२ ऑक्टोबर १७९५ रोजी दसरा होता. प्रकृती ठीक नसतानाही पेशव्यांनी फौजेची पाहणी केली आणि संध्याकाळी दरबारातही हजेरी लावली. २५ ऑक्टोबरला ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंजाजवळ कोसळले. हाडे मोडली, कारंजाच्या नळीने जखम झाली. दोन दिवस वेदना सोसून कोजागिरी पौर्णिमेस त्यांचे निधन झाले. एवढा भाग निर्विवाद आहे.

यापुढे तीन हकिकती सुरू होतात. पहिली आजाराची. ज्वर वाढला, वात झाला, भ्रमाच्या भरात किंवा भोवळ येऊन तोल गेला, अशी ती आहे. दुसरी आत्मघाताची. नानांच्या जाचामुळे जीव विटलेल्या पेशव्यांनी बुद्धिपुरस्सर उडी घेतली आणि मरताना आपल्यामागे बाजीरावास गादीवर बसवावे अशी इच्छा व्यक्त केली, असे ती सांगते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ही हकिकत स्वीकारली आणि पुढील अनेक इंग्रजी ग्रंथांतून तीच प्रसृत झाली. तिसरी कारस्थानाची. कोणी तरी पेशव्यांचे मन बिघडविले, त्यांना मृत्यूकडे ढकलले, असे ती मानते. त्या ‘कोणी’च्या जागी कधी बाजीरावांचा पक्ष येतो, तर कधी खुद्द नाना.

तिन्ही हकिकतींना एकच प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते: ही सांगून कोणाचे काय साधत होते? अपघाताची हकिकत नानांना सोयीची होती, कारण तिच्यात त्यांच्याकडे दोष येत नाही. पण सोयीची आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही. पेशवे दसऱ्याच्या दिवशीच आजारी होते ही गोष्ट तिला पोषकच आहे.

आत्मघाताची हकिकत बाजीरावांना त्याहूनही सोयीची होती. तिच्यात दोन लाभ एकत्र आलेले आहेत: नाना दोषी ठरतात आणि बाजीरावांच्या वारशाला मृत पेशव्यांच्या अंतिम इच्छेचा आधार मिळतो. बाजीराव १७९६ च्या अखेरीस गादीवर आले आणि १८१८ पर्यंत पेशवे राहिले. या बावीस वर्षांत पुण्यातील किती जणांना त्या अंतिम इच्छेविषयी शंका घेणे परवडले असते? ग्रँट डफ साताऱ्यास होता तेव्हा त्याला दफ्तरे पाहावयास मिळाली आणि जुन्या पिढीतील माणसांशी बोलताही आले. परंतु ज्या आठवणी त्याच्या कानी आल्या त्या बाजीरावांच्या दीर्घ कारकीर्दीतून गाळून आलेल्या होत्या, हे विसरता येत नाही.

कारस्थानाची हकिकत सर्वांत दुबळी आहे. नानांचे सारे सामर्थ्य या एका जीवावर उभे होते. माधवराव गेल्यावर ते कसे ढासळले, हे पुढील घटनांवरून दिसते. बाजीराव गादीवर येऊ नयेत म्हणून यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याची खटपट झाली. अखेर १७९६ मध्ये बाजीरावांचेच धाकटे बंधू चिमाजी आप्पा दत्तक बसविण्यात आले. नात्याने जो चुलता, तो शास्त्राने पुत्र झाला. ही व्यवस्था काही महिनेच टिकली. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना स्वतः कैद झाले. १३ मार्च १८०० रोजी ते वारले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांचे आश्रित होणे पत्करले. ज्याच्या जाण्याने आपले सर्वस्व जाणार त्याचा घात नानांनी योजला, हे तर्कात बसत नाही. बाजीरावांचा लाभ झाला हे खरे, पण त्या दिवशी ते शिवनेरीवर कैदेत होते. मृत्यूने ज्याला लाभ झाला त्यानेच मृत्यू घडविला, हा तर्क सोपा आहे. पुरावा मात्र नव्हे.

मग ही हकिकत टिकली कशी? तिला साहित्याने आश्रय दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक लिहिले. शेक्सपियरच्या हॅम्लेटचे मन आणि ऑथेल्लोभोवतीचे विष त्यांनी शनिवारवाड्यात आणले. नाटकातील केशवशास्त्री हा इयागोच्या जातीचा खलपुरुष पेशव्यांच्या मनात संशय पेरीत जातो आणि त्या मनाचा तोल ढळतो. नाट्यदृष्ट्या ही योजना समर्थ आहे. रंगभूमीला ज्वर पुरत नाही, तिला खलपुरुष लागतो. खाडिलकरांचा मोठेपणा असा की त्यांनी मृत्यूचे मूळ खिडकीपाशी न शोधता पेशव्यांच्या मनात शोधले. तथापि नाटकाने दिलेले उत्तर प्रेक्षकाच्या मनात इतिहासाचे उत्तर होऊन बसते, ही जोखीम त्यात राहिलीच. ‘ध चा मा’ने जे आनंदीबाईंच्या बाबतीत केले, त्याच जातीची ही क्रिया होती.

खरे पाहता अपघात आणि आत्मघात यांच्यातील भिंतही वाटते तितकी भक्कम नाही. ज्वराने भ्रमलेला, अपमानाने खचलेला, रात्रंदिवस कोणाच्या तरी नजरेखाली असलेला तरुण कठड्यापाशी जातो, त्या क्षणी तो पडला की त्याने स्वतःला टाकले, हे त्याला तरी निश्चित सांगता आले असते काय? त्याच्याभोवती सेवक होते, वैद्य होते, पहारेकरी होते. त्याच्या मनाचा साक्षी मात्र कोणी नव्हता. रामशास्त्रीही आता हयात नव्हते. ते १७८९ मध्येच वारले होते.

म्हणून या प्रवादांचा निकाल लावताना इतिहासाभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. नारायणरावांच्या बाबतीत कट होता, कारण तेथे माणसे होती, कृत्ये होती आणि एका निर्भय न्यायाधीशाने केलेली चौकशी होती. सवाई माधवरावांच्या बाबतीत कटाचा पुरावा नाही; तेथे आहे ती जिवापाड जपणाऱ्या कारभाऱ्याने आवळत नेलेली दक्षता. तिच्यासाठी कोणाला गुन्हेगार ठरविता येत नाही, आणि तिला निर्दोषही म्हणता येत नाही. कटाची कथा हवीशी वाटते, कारण एक अपराधी सापडला की बाकीचे सुटतात. बारभाई सुटतात, नाना सुटतात, ज्या दौलतीने चाळीस दिवसांच्या बालकावर आपला भार ठेवला ती दौलतही सुटते.

जन्मापासून या तरुणाच्या वतीने इतरच बोलत आले. त्याच्या नावाने हुकूम सुटले, तह झाले, लढाया जिंकल्या गेल्या. मृत्यूनंतर त्याची अंतिम इच्छाही इतरांनीच सांगितली. त्याच्या मृत्यूविषयी जे निश्चित आहे तेवढेच सांगून थांबणे, हाच त्याच्याशी न्यायाने वागण्याचा एक मार्ग उरतो.