प्री-ॲम्प घ्यावा की घेऊ नये?

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून वर्ध्याला आला, तो एक खोके घेऊनच. खोक्यात तळहातावर मावेल एवढे यंत्र. मोबाइलमधल्या आकड्यांचे गाणे करून देणारे. त्याला डॅक म्हणतात. ते माझ्या जुन्या पॉवर ॲम्प्लिफायरला सरळ जोडले की काम झाले, असे त्याचे म्हणणे. नागपूरच्या एका दुकानदाराने मात्र मला आधीच बजावले होते, "सर, मध्ये चांगला प्री-ॲम्प टाकल्याशिवाय डिजिटलला जीव येत नाही." त्या पेटीची किंमत माझ्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढी! मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवले, तरी दोन दिवस मला छातीठोक उत्तर देता येईना. कारण घरात वडिलांच्या रेकॉर्डी आहेत आणि आईच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. त्यांना जे लागते ते मोबाइलला लागतेच असे नाही, एवढे कळत होते. पण का लागत नाही?

ही पेटी मुळात कशासाठी जन्माला आली, ते पाहावे म्हटले. सुरुवात घराजवळच सापडली. सेवाग्राम आश्रमातल्या बापूंच्या दफ्तरात त्या काळचा टेलिफोन आहे. गांधीजी 1936 साली या गावी, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला आले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी हा फोन बसवून घेतला, असे तिथे सांगतात. मुले त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात आणि पुढे जातात. मी थांबतो, कारण त्या काळच्या फोनच्या तोंडाशी कोळशाचे बारीक दाणे असत. बोलणाऱ्याच्या आवाजाने ते दाणे दबत-सुटत आणि त्यांतून जाणारा बॅटरीचा प्रवाह तसा कमी-जास्त होई. माणसाचा श्वास फक्त नळाची तोटी फिरवायचा, पाणी टाकीतलेच. त्यामुळे या फोनला आवाज वाढवणारी वेगळी पेटी लागत नसे. एडिसनच्या काळातली, 1870 च्या दशकातली ही युक्ती. मात्र कोळशाची खरखर तिच्यासोबत यायचीच. निरोपाला ठीक, गाण्याला नाही.

चांगला आवाज हवा म्हणून पुढे दुसऱ्या जातीचे माइक आले. त्यांचा आवाज स्वच्छ, पण वीज इवलीशी, व्होल्टच्या काही हजारांश. ती मोठी करणार कोण? अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी 1906 साली तीन टोकांची निर्वात नळी केली, तिच्यातून हे शक्य झाले. माइकच्या पाठोपाठ येणारी वाढीची ही पहिली पायरी म्हणजेच प्री-ॲम्प. तिची एक खोड लक्षात ठेवावी. या पायरीवर जी खरखर शिरते, ती पुढच्या प्रत्येक पायरीवर आवाजाबरोबरच मोठी होते. म्हणून पहिली पायरी सर्वांत स्वच्छ हवी.

14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी देश सोडावा हा ठराव वर्ध्यात केला. बैठकीला मोजकी माणसे. 8 ऑगस्टला तोच विषय मुंबईत गवालिया टँक मैदानावर गेला, तेव्हा माणसांचा समुद्र. तिथे माइक आणि कर्णे हवेतच. काँग्रेसच्या सभांना ही यंत्रणा मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' कंपनी पुरवीत असे. जुनी छायाचित्रे नीट पाहा, गांधी-नेहरूंसमोरच्या माइकवर हे नाव दिसते. इतिहासाच्या पुस्तकात ठराव असतो, भाषण असते. मधल्या नळ्यांची दखल कोण घेणार?

आता रेकॉर्डी. गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना, 1931 साली, गांधीजींचा आवाज कोलंबिया कंपनीने तबकडीवर घेतला. चावीच्या ग्रामोफोनवर ती विजेविना वाजे. पण विजेवरच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई साधारण पाच मिलिव्होल्ट एवढीच वीज देते. शिवाय दुसरी अडचण. शेतात सऱ्या जवळजवळ पाडल्या आणि बैल डुलत चालला तर एक सरी दुसरीत घुसते. ढोल-तबल्याचा खर्ज तबकडीच्या खाचेला असाच डुलवतो. म्हणून कापतानाच खर्ज कमी करतात आणि बारीक आवाज वाढवतात. वाजवताना ते उलटे करून मूळ तोल परत आणायचा. हे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे असे. 1954 साली अमेरिकेत एक सामाईक प्रमाण ठरले आणि ते जगभर रुळले. रेकॉर्डीसाठीचा प्री-ॲम्प ही दोन्ही कामे करतो. त्याच्याविना रेकॉर्ड पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी वाटते.

मग 1982 साली सीडी आली. तिच्या प्लेअरचा आवाज भरात असतो तेव्हा सुमारे दोन व्होल्ट वीज बाहेर येते. सुईच्या चारशे पट! आणि घरगुती पॉवर ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीने वाजायला साधारण एक-दोन व्होल्टच पुरतात. म्हणजे वाढवायचे काय? प्री-ॲम्पच्या बटणाने आधी आवाज उतरवायचा आणि त्याच पेटीने पुन्हा चढवायचा, म्हणजे भरलेली कळशी अर्धी ओतून वरून पाणी घालण्यासारखे. डॅकचेही तेच.

दुकानदाराच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. डॅकमधूनच आवाज कमी केला तर आकड्यांतली बारकाई थोडी जाते. सोळा बिटांच्या यंत्रात हे खरे होते. आजच्या चोवीस बिटांत तेवढी ऐसपैस जागा असते. दुसरे, डॅकला आवाजाचे बटणच नसेल तर तो थेट जोडू नये, स्पीकर फाटतील. ज्यांना नळीच्या प्री-ॲम्पचा थोडा गोडसर आवाज आवडतो, त्यांनी तो जरूर घ्यावा. ती चव आहे, सुधारणा नव्हे.

तरी मी ती पेटी आठवड्यासाठी मागून आणली. आधी मल्टिमीटर लावून दोन्ही जोडण्यांचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग मी पाठमोरा बसलो आणि मुलगा बदलत राहिला. वीस वेळांत अकरा वेळा माझे उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. "बाबा, आता तरी पटलं?" तो म्हणाला.

राहिली कॅसेट. आईने 1983 साली हौसेने माळ्यावरचे जाते काढून, दळता दळता ओव्या म्हटल्या होत्या. फितीवर वाचणारे हेड तर सुईहूनही क्षीण, पण त्याचा प्री-ॲम्प डेकच्या पोटातच असतो. म्हणून बाहेरच्या पेटीने तिथे फरक पडेना. सूं सूं वाढली आणि आईही वाढली. तेवढी सूं सूं त्या दिवशीच्या टेपरेकॉर्डरनेच फितीवर लिहून ठेवलेली. मग मुलाने डेक उघडला, हेड स्पिरिटने पुसले आणि त्याच्या बाजूचा स्क्रू किंचित फिरवून हेडचा कोन जुळवला. एकदम पडदा सरकल्यासारखे झाले. ओवीच्या मागे जात्याची घरघर तर होतीच, पण दोन ओव्यांच्या मध्ये आई धाकट्या बहिणीला "दूध उतू जातंय बघ" म्हणते, ते इतक्या वर्षांत प्रथमच कानी आले.

मोठी पेटी दुकानदाराला परत केली. वडिलांच्या रेकॉर्डींसाठी त्याच्याकडूनच एक लहानसा फोनो प्री-ॲम्प घेतला, पेन्शनच्या चार दिवसांत बसणारा. तो म्हणाला, "सर, तुम्ही माझं नुकसान केलंत." मग चहा मागवला.