दावणीला आलेला नवा बैल : शिरूर-दौंडच्या बाजारवाटा आणि बुळकांडीचा इतिहास 🧵

१/ बाजारातून नवा बैल घरी येतो. घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळी हळदकुंकू लावते. मग त्याला जुन्या जनावरांच्या शेजारी, त्याच दावणीला बांधले जाते. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा शुभ क्षण होता. रोगाच्या दृष्टीने मात्र वर्षातील सर्वांत धोक्याचा क्षणही हाच होता.

२/ घोड नदीकाठचे शिरूर, म्हणजे जुनी घोडनदी, ही ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. तेथील शनिवारच्या बाजारात गुरे आणि घोडे मोठ्या संख्येने विकले जात. दक्षिणेला भीमेकाठी दौंड. हा सारा मुलूख भीमथडीच्या तट्टांसाठी प्रसिद्ध. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावात ती आठवण आजही टिकून आहे. जनावरांची ये-जा हाच या भागाचा व्यवहार होता.

३/ या वाटांवरून एक अदृश्य प्रवासीही फिरत असे : बुळकांडी. हा विषाणूजन्य रोग गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. प्रथम ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण. मग रक्तमिश्रित जुलाब आणि बहुधा आठ-दहा दिवसांत मृत्यू. पूर्वी कधीच साथ न पाहिलेल्या कळपात शंभरांपैकी नव्वद जनावरेही दगावत.

४/ खरी मेख होती ती काळाची. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते पंधरा दिवस जात. शिवाय ताप चढण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जनावराच्या श्वासातून, लाळेतून, शेणातून विषाणू बाहेर पडू लागे. म्हणजे बाजारात दात मोजून, चाल पाहून, निरोगी म्हणून घेतलेला बैल गोठ्यात रोग घेऊन येई, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे.

५/ बैल मेला म्हणजे केवळ एक जनावर गेले नाही. नांगरट थांबली, मोट थांबली, पेरणीची वेळ टळली. नवा बैल घ्यायचा तर कर्ज काढणे आले. शिरूर तालुक्यातील करडे येथे १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगल उसळली. हा उद्रेक बुळकांडीने घडवला असे नव्हे. परंतु अशा कर्जबाजारी घरात एक बैल मरणे म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून येते.

६/ साथ आली की दोष कोणाला द्यायचा? कोणी देवीचा कोप मानला. उत्तर भारतात १८५० च्या दशकापासून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वेगळाच आरोप पुढे आणला : कातड्यासाठी चर्मकार गुरांना विष घालतात. काही विषप्रयोग घडलेही असतील. पण संशय अख्ख्या जातीवर बसला. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांनाच त्या मरणाचे आरोपी ठरवण्यात आले.

७/ रोग आणि विष यांत फरक करायचा तर तपास हवा. मद्रास इलाख्याने १८६६ मध्येच गुरांच्या रोगांविषयी कायदा केला होता. त्यानंतर पशुवैद्य जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने आयोग नेमला; त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. बुळकांडी देशभर पसरलेली असून ती संसर्गाने फैलावते, हे त्यातून स्पष्ट झाले. उपाय जुनाच, पण कठीण : आजारी जनावर वेगळे बांधा.

८/ युरोपात साथ आली की बाधित गुरे ठार करण्याची पद्धत होती. गोवंशाविषयीची श्रद्धा पाहता भारतात ते अशक्य होते. म्हणून येथे विलगीकरणावरच भिस्त राहिली. परंतु ज्याच्याकडे एकच गोठा आणि एकच पाणवठा, त्याने नवे जनावर वेगळे ठेवायचे कोठे?

९/ दळणवळण वाढले तसा धोकाही वाढला. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. तांड्याबरोबर चालणारे आजारी जनावर वाटेतच कोलमडे; गाडीने किंवा जहाजाने जाणारे जनावर लक्षणे दिसण्याआधीच मुक्कामी पोहोचे. १८६५ मध्ये इंग्लंडला आणि १८८७ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेला बुळकांडी पोहोचली ती अशीच, आयात केलेल्या गुरांबरोबर. आफ्रिकेत पुढील दहा वर्षांत कळपांचे कळप नष्ट झाले आणि पशुपालक समाज उपासमारीत ढकलले गेले.

१०/ येथे पुण्याचे नाव येते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. पण इतक्या संसर्गजन्य रोगाचे प्रयोग भरवस्तीत, गुरांच्या सान्निध्यात करणे धोक्याचे होते. अखेर १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवली गेली. विलगीकरणाचा नियम प्रथम प्रयोगशाळेलाच पाळावा लागला!

११/ १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरला येऊन गेले. पुढे तेथे बुळकांडीवर रक्तजल तयार होऊ लागले. १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस पुढे आणली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला.

१२/ भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ चा. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. मानवाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. या विषाणूला माणसाचा आसरा नव्हता, बऱ्या झालेल्या जनावरात तो दडून राहत नसे आणि एकदा मिळालेली प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिके. म्हणूनच हे साधले.

१३/ तरी गोठ्याचा प्रश्न संपला नाही. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ पसरली आणि महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. हा रोग प्रामुख्याने माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, त्यामुळे केवळ वेगळे बांधून भागत नाही. लस आणि कीटकनियंत्रणही लागते. प्रत्येक रोगाची वाट निराळी. मात्र बाजारातून आलेले जनावर काही दिवस वेगळे ठेवावे, हा सल्ला कायम राहिला.

१४/ आज शहरात निवाऱ्यातून नवे मांजर घरी आणणाऱ्याला पशुवैद्य हेच सांगतात : पहिले सुमारे दोन आठवडे स्वतंत्र खोली, स्वतंत्र भांडी, मग घरच्या मांजरांशी ओळख. यात पाहुण्याविषयी अविश्वास नाही. त्याच्या अंगात काय दडले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. भीमथडीच्या शेतकऱ्याकडे दुसरा गोठा नव्हता. ज्याच्याकडे दुसरी खोली आहे, त्याने ती पंधरा दिवस अवश्य वापरावी.

(समाप्त)