दुष्काळ की दुर्भिक्ष?

बंगालीतून मराठीत भाषांतर करताना 'दुर्भिक्ष' हा शब्द आला की मी थांबते. मराठीतही तो आहे, पण आपण तो पाण्याच्या टंचाईसाठी वापरतो. माणसे अन्नावाचून मरतात त्या आपत्तीला आपण 'दुष्काळ' म्हणतो, म्हणजे वाईट काळ. दोष काळाचा, पावसाचा. दुर्भिक्ष म्हणजे भिक्षाही मिळेनाशी होते ती वेळ. कोठारात धान्य आहे की नाही, याबद्दल हा शब्द काही बोलत नाही. मागणाऱ्याच्या पदरात ते पडत नाही, एवढेच तो सांगतो. माणसे गरीब का राहतात, या प्रश्नावर गेली सव्वाशे वर्षे जो वाद चालू आहे त्याची बरीच मांडणी या दोन शब्दांच्या फरकात सापडते.

हा वाद बंगाली वाचकांच्या घरोघरी नेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सखाराम गणेश देऊस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातले. त्यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळ झाला. पुढे ते कोलकात्याच्या 'हितवादी' पत्रात आले आणि १९०४ साली त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिले. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त आणि रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास इंग्रजीत होता. देऊस्करांनी तो विषय साध्या बंगालीत आणला. देश गरीब आहे, कारण त्याची संपत्ती बाहेर जाते आणि त्याचे कारागीर मोडले जातात, असे त्यांचे म्हणणे. स्वदेशी चळवळीत हे पुस्तक हातोहात गेले. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली.

बंदी का, हे समजण्यासाठी सरकारचे स्पष्टीकरण पाहावे लागते. दत्तांनी लॉर्ड कर्झनला खुली पत्रे लिहून म्हटले होते की शेतसारा जड आहे, म्हणून शेतकऱ्याजवळ वाईट वर्षासाठी काही उरत नाही. जानेवारी १९०२च्या ठरावात सरकारने उत्तर दिले: दुष्काळाचे कारण अवर्षण, साऱ्याचा दोष नाही. पाऊस दोषी ठरला की कालवे, रेल्वे आणि दुष्काळी कामे एवढे पुरे होते. सारा दोषी ठरला तर सरकारला स्वतःचे उत्पन्न सोडावे लागते. कारण एकदा मान्य केले की खर्च कोणी सोसायचा, हेही ठरून जाते.

दत्तांचा युक्तिवाद मात्र बंगालमध्येच अडतो. बंगालमध्ये कायमधारा होता, सारा कायमचा ठरलेला होता. म्हणून हा प्रांत दुष्काळापासून सुरक्षित राहिला, असे ते मांडत. त्याच बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे मेली. सारा स्थिर होता, पण जमीनदाराखालच्या कुळाचे आणि भूमिहीन मजुराचे काय, हे त्या हिशेबात नव्हते. देऊस्करांच्या हिशेबातही देश हे एकच कुटुंब होते. घरातून किती गेले ते त्यांनी मोजले. घरात कोणाच्या ताटात किती पडते, हा प्रश्न मागे राहिला.

१९४३च्या फेब्रुवारीत हावड्याचा नवा पूल वाहतुकीला खुला झाला. आदल्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. १९४२च्या अखेरीस मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ मे महिन्यात ३० रुपयांवर आणि ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर गेला. खेड्यांतून माणसे शहराकडे चालत आली. त्यांनी दारोदार भात मागितला नाही, 'फ्यान' मागितला, म्हणजे शिजलेल्या भाताचे निथळलेले पाणी. त्याच वेळी कोलकाता-हावडा पट्ट्यातल्या ताग गिरण्या, कारखाने आणि रेल्वेच्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होते, कारण युद्धाचे उत्पादन थांबवायचे नव्हते. गिरणी कामगारही गरीबच होता. तरीही जो धान्याच्या यादीत होता तो तगला.

सरकारी चौकशी आयोगाने १९४५ साली धान्याच्या तुटवड्याला मुख्य कारण ठरवले आणि मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हिशेब पुन्हा मांडला. १९४३चा धान्यसाठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होता, पण १९४१पेक्षा जास्तच होता. मृत्यू त्यांनी ३० लाखांच्या आसपास मोजले. शेतमजूर, कोळी, खेड्यातले कारागीर यांच्या मजुरीत तांदूळ विकत घेण्याची ताकद उरली नव्हती, हे त्यांचे उत्तर. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. भातावरच्या रोगाने तूट मोठी होती, असे काही अभ्यासक म्हणतात. पण तूट मोठी धरली तरी ती कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न सुटत नाही. आणि बंगालमध्ये दुष्काळसंहितेप्रमाणे दुष्काळ कधी जाहीरच झाला नाही.

आता १९७२चा महाराष्ट्र पाहा. पिकांतली तूट बंगालपेक्षा मोठी होती. १९७१ सालीच पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी मांडले होते की गरिबाला हाताला काम आणि त्यातून क्रयशक्ती मिळाली पाहिजे. वि. स. पागे यांचा रोजगार हमीचा आग्रह त्याच्याही आधीचा. दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे होती. आपल्या घरांतल्या आठवणींत खडी फोडणे, पाझर तलाव, सुकडी आणि मिलो आहेत. बंगालसारखे मृत्यूचे थैमान नाही. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

यालाही मर्यादा होत्या. खडी फोडून माणूस जगला. जमीन आणि पाणी ज्याचे होते त्याचेच राहिले. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून वेगळे उत्तर दिले: पाणी घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटावे आणि त्यात भूमिहीनाचाही वाटा असावा. हे उत्तर फार थोड्या गावांत रुजले, कारण त्यात कोणाला तरी काही सोडावे लागत होते.

हावड्यात आजही एखाद्या ताग गिरणीच्या फाटकावर काम बंद झाल्याची नोटीस लागते. चहाच्या टपरीवर कारणे मोजली जातात: प्लास्टिकच्या गोण्या, जुनी यंत्रे, युनियन, मालकाने काढून नेलेला पैसा. प्लास्टिक हे कारण मानून १९८७ साली धान्य तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती करणारा कायदा झाला. त्याने गिरण्यांना गिऱ्हाईक मिळाले. बदली कामगाराला महिन्यात किती दिवस काम मिळेल, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही. टपरीवरच्या उधारीच्या वहीत ते कळते. 'दुर्भिक्ष'चे भाषांतर करताना मी आता तोच शब्द ठेवते आणि वाचकाला थोडे अडखळू देते.