देहाचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बखरी, सनदा, ताम्रपट आणि महसुली कागद उभे राहतात. माणसाचा देह हेही एक दप्तर आहे, आणि त्यातल्या सर्वांत जुन्या नोंदी त्या माणसाला आठवत नाहीत अशा काळातल्या असतात, हे गेल्या चार दशकांतल्या वैद्यकाने दाखवून दिले आहे. पन्नाशीत दगा देणाऱ्या हृदयाचा माग काढत गेलो, तर तो तंबाखूपाशी, तेलातुपापाशी किंवा बैठ्या कामापाशी संपत नाही. तो पाळण्यापर्यंत आणि त्याही मागे आईच्या ताटापर्यंत जातो. अशा विकारांना आपण आता सरसकट 'जीवनशैलीचे आजार' म्हणतो. 'शैली' हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्यात निवड गृहीत असते. यवतमाळच्या काळ्या जमिनीत, कापसाच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाने कोणती शैली निवडली होती, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या विचाराचा उगम एका जुन्या नोंदवहीत आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली प्रत्येक अर्भकाचे जन्मवजन आणि वर्षभरानंतरचे वजन नोंदले जाऊ लागले. पुढे डेव्हिड बार्कर यांनी ते बाड हाती घेतले. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांनी शोध लावला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : जन्मतः आणि वर्षाच्या वयात ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयरोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत जास्त होते. हृदयविकार हा सुबत्तेचा रोग, या समजाला त्यामुळे तडा गेला. दारिद्र्य, धूम्रपान, कोंदट घरे यांचा परिणाम बार्करांनी पुरेसा वेगळा काढला नाही, अशी टीका झाली आणि ती रास्तही होती. पण मूळ निरीक्षण देशोदेशी पुन्हा पुन्हा आढळत गेले.

आपल्याकडे असा पुरावा प्रथम म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाच्या जुन्या प्रसूतिनोंदींतून मिळाला. तेथे १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के होते, तर ३.१ किलो किंवा अधिक वजनाच्यांत ते ३ टक्के होते.

महाराष्ट्रातली कथा याहून गुंतागुंतीची आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे हाडापेराने, मांसाने आणि पोटाच्या घेराने लहान होती. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र तितकी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण आत चरबी राखून असलेले हे बाळ. उपाशी गर्भ मेंदूला आधी जपतो. स्नायू, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलेले येते. टंचाईत जगण्यासाठी केलेली ही तडजोड पुढे विपुलता आली की अंगाशी येते. याच रुग्णालयातील ४७७ आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी थोराड झालेल्या मुलांत पुढील हृदयविकार व मधुमेहाची लक्षणे सर्वाधिक दिसली. केवळ उपासमार नव्हे, तर उपासमारीनंतर घाईने आलेले पोटभर अन्न हे या कथेचे खरे कथानक आहे.

सहा गावांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या गर्भवतींच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे सुदृढ होती. आणि शेतीचे व घरचे कष्ट ज्यांना अधिक पडले, त्यांची बाळे लहान होती. हे निष्कर्ष मनात ठेवून यवतमाळचा इतिहास वाचू लागलो की तो वेगळा दिसू लागतो.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साम्राज्याची नजर खिळली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ आले, ते मुख्यतः कापूस नेण्यासाठी. पुढे लोकांनी त्या गाडीला 'शकुंतला' असे काव्यमय नाव दिले. पण कापूस खाता येत नाही. अन्नाची जमीन सूतगिरण्यांना वाहिली की ताट बाजारभावावर टांगते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडने त्याची किंमत मोजली. लक्ष्मण सत्य यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ यांचे हे नाते सविस्तर मांडले आहे.

तरीही जुन्या पेरणीत काही शहाणपण टिकून होते. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तूर असे, शेजारी ज्वारी असे. ज्वारीतून भाकरी आणि कण्या मिळत, कडबा गोठ्यात जाई आणि त्यातून थोडे तरी दूध घरात येई. जवसाचे तेल आणि चटणी हा वऱ्हाडी जेवणाचा भाग होता. हृदयाला हितकर मानले जाणारे ओमेगा-३ मेदाम्ल जवसात भरपूर असते. आंबाडी आणि तरोटा यांच्या भाज्या होत्या. कोलाम आणि गोंड वस्त्यांत मोहफुले आणि चारोळी होती. हे रामराज्य नव्हते. त्याच घरांत बाळंतिणी उपाशीही राहत आणि मुले दगावतही. पण ताटाला एक अंतर्गत संगती होती : धान्य, डाळ, पाला, दूध.

ही संगती हळूहळू मोडली. नव्वदीत सोयाबीन पसरले, २००२ नंतर बीटी कापूस आला, ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि गोठाही रोडावला. तणनाशकांनी तणासोबत रानभाज्याही जाळल्या. शिधावाटपाच्या दुकानातून गहू आणि तांदूळ आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भूक भागवण्याचे मोठे काम केले, हे निःसंशय. पण पिशवीत डाळ, पालेभाजी किंवा दूध नाही. निंदणाला आणि कापूस वेचायला बाया जातात, त्यांत गर्भवतीही असतात. त्यांची मुले शाळेबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांच्या खारट, तळलेल्या पुडीने भूक मारतात. कमतरतेच्या पायावर फाजील उष्मांक आणि मिठाची भिंत, अशी ही नवी बांधणी आहे.

धमन्यांचे काम तर फार लवकर सुरू होते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवचिकित्सेत, सरासरी वय अवघे २२ असताना, ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा दिसल्या, असे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. चरबीच्या पहिल्या रेषा बालपणातच उमटतात. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी आणि आयात केलेली मिलो ज्वारी खाणाऱ्या आयांची मुले आज पन्नाशी ओलांडून हृदयरोगाच्या वयात आली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला झटका आला, तर केसपेपरावर रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची नोंद होते. १९७२ ची होत नाही.

यातून दैववाद काढणे चूक ठरेल. जन्मवजन म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. तंबाखू सोडणे, मीठ कमी करणे, चालणे, रक्तदाबावर वेळीच उपचार करणे यांचा लाभ कोणत्याही वयात होतो, आणि जन्मतः दुबळ्या असलेल्याला त्याची गरज अधिकच असते. प्रश्न जबाबदारीच्या वाटपाचा आहे. 'जीवनशैली' हा शब्द सारा दोष एका माणसाच्या सवयींवर टाकतो. लागवडीचे धोरण, मजुरीचा दर, शिध्याची पिशवी आणि गर्भवतीला न मिळालेली विश्रांती हे मजकुरातून गाळले जातात. शब्द असे गाळण्याचे काम कसे करतात, हे ओळखणे तर आपल्याच विद्याशाखेचे काम आहे.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याच्या विधवा, आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्या उद्घाटनामागच्या वादाची चर्चा खूप झाली. अंगणवाडीची कोणी केली नाही. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे आणि गावोगावच्या अंगणवाड्यांत महिन्याच्या महिन्याला मुलांची वजने लिहिली जातात. बर्नसाइडबाईंच्या वहीसारखीच ही वही आहे. फक्त तिचा अर्थ लावण्यासाठी साठ वर्षे थांबण्याचे आता कारण उरलेले नाही.