विद्युत् मंडलातील दोष व त्यांची परीक्षा

विद्युत् प्रवाहाचा ठरलेला मार्ग तुटणे, आखूड होणे किंवा भलतीकडे वळणे यांस मंडलदोष म्हणतात. हे दोष मुख्यतः तीन प्रकारचे होत. तार तुटल्यास मंडल खुले राहते व यंत्र बंद पडते. निरोधन नष्ट होऊन दोन तारा एकमेकींना भिडल्यास प्रवाह बेसुमार वाढतो व वितळतार वितळते. यालाच कारागीर ‘शॉर्ट’ म्हणतात. प्रवाह यंत्राच्या धातूच्या कवचात उतरला म्हणजे भूदोष होतो. या वेळी भूयोजन सदोष असेल, तर यंत्र चालू राहूनही त्यास स्पर्श करणाऱ्याचा प्राण जाऊ शकतो. दोषपरीक्षेचा इतिहास हा बव्हंशी असे न दिसणारे दोष मोजून ओळखण्याचा इतिहास आहे.

दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध गेओर्क झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी १८२७ मध्ये मांडला. त्याची व्यावहारिक गरज प्रथम तारायंत्रास भासली. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरात टाकलेली केबल, तिच्यावर अतिरिक्त दाब दिला गेल्याने, काही आठवड्यांतच निकामी झाली. समुद्रतळाची तार डोळ्यांनी तपासता येत नाही. तेव्हा किनाऱ्यावर रोध मोजून दोषाचे अंतर काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या. घरे व कारखाने यांत वीज आल्यावर निरोधन मोजणे आवश्यक झाले. सिडनी एव्हर्शेड यांच्या १८८९ मधील उपकरणापासून पुढे हाताने फिरवावयाच्या जनित्राचा ‘मेगर’ प्रचारात आला.

भारतात १९१० च्या वीज अधिनियमाने व १९५६ च्या नियमांनी मांडणीच्या तपासणीस कायद्याचे बळ दिले. तारजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, असा दंडक घातला गेला. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली व १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. वीजतंत्री हा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील दोन वर्षांचा व्यवसाय ठरला.

प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरील संगमनेरच्या परिसरात या शिक्षणाचे महत्त्व शेतीपंपांमुळे वाढले. ग्रामीण विद्युतीकरण निगमाच्या (स्थापना १९६९) साह्याने देशात उभ्या राहिलेल्या पहिल्या पाच सहकारी वीजसंस्थांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होती. संगमनेर तालुक्याचा काही भाग तिच्या क्षेत्रात मोडत असे. २०११ मध्ये तेथील वितरण महावितरणकडे गेले. विहिरीच्या ओल्या काठावर भूदोष विशेष घातक ठरतो. त्रिकला प्रवाहातील एका कलेची वितळतार गेल्यास पंप नुसता घुमतो. उरलेल्या कलांचा प्रवाह वाढून गुंडाळी जळते. अशा वेळी वितळतारेच्या जागी जाड तार बसविणे म्हणजे दोष काढणे नव्हे, तो झाकणे होय.

म्हणून शिकाऊ उमेदवारास परीक्षेचा क्रम प्रथम शिकवितात. पुरवठा तोडून वितळतारा काढून घ्याव्या. परीक्षादिवा चालू मंडलावर पाहून घ्यावा, मग त्याने काम करावयाचे मंडल मृत असल्याची खात्री करावी व शेवटी दिवा पुन्हा चालू मंडलावर तपासावा. कारण बिघडलेला दिवाही ‘वीज नाही’ असेच सांगतो. नंतर सातत्य, निरोधन, ध्रुवता व भूयोजन तपासावे. ध्रुवता-परीक्षेत खटका कलेच्याच तारेत आहे ना, हे पाहतात. भारतीय मानक ७३२ मधील प्रचलित नियमानुसार निरोधनाचा रोध, मेगओहममध्ये, ५० भागिले जोडबिंदूंची संख्या याहून कमी नसावा. २५ बिंदूंच्या मांडणीस तो २ येतो, परंतु संपूर्ण मांडणीस १ पेक्षा अधिकाची सक्ती नाही.

१९५६ च्या नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली. गळती होताच पुरवठा तोडणारी साधनेही आता वापरात आहेत. तथापि ही साधने दोष कोठे आहे ते सांगत नाहीत. तो शोधण्याचे काम आजही याच क्रमाने करावे लागते.