स्पष्ट दिसेपर्यंत

१८९२. भिवंडीतल्या हातमागांची खटखट मागे टाकून, खाडी ओलांडून तुम्ही कल्याणात पोचता तेव्हा दिवेलागण झालेली असते. महादेव गोपाळ पटवर्धनांचा खेळ बघायचा आहे. 'शांबरिक खरोलिका' हे त्यांनी आपल्या जादूच्या कंदिलाला दिलेलं नाव. कंदील बनवायला त्यांच्या एका स्नेह्याची मदत झालेली आहे. ताणलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर तुम्ही जमिनीवर बसता. दिवे मालवले जातात. कुणीतरी कथा सांगायला सुरुवात करतो आणि पडद्यावर रंग उतरतात, पण नुसतेच रंग. हिरव्यात लाल मिसळलेलं, पिवळ्याला कड नाही, माणूस कुठला आणि झाड कुठलं ते कळत नाही.

मग कंदिलाजवळ एक हात हलतो. रंग आक्रसतात, त्यांना कडा येतात, डोळे उमटतात, दागिन्यांचे मणी सुटे सुटे दिसू लागतात. सभेतून एकदम हुंकार येतो. रामायणातला एक प्रसंग तुमच्यासमोर उभा असतो.

पडद्याकडे पाठ करा आणि तो हात बघा. कंदिलाच्या तोंडाशी असलेली भिंगाची नळी त्या माणसाने बोटभर पुढे ओढली, एवढंच. काचेवर हाताने रंगवलेल्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून उजेड फाकून निघतो. भिंग तो फाकलेला उजेड पुन्हा एका ठिपक्यात गोळा करतं, पण एका ठरावीक अंतरावरच. पडदा त्या अंतरावर नसेल तर ठिपक्याची चकती होते, शेजारच्या चकत्या एकमेकींवर चढतात आणि चित्र विरघळतं. भिंग किती सरकवायचं हे आज त्या माणसाचे डोळे ठरवतात. पुढची सव्वाशे वर्षं तुम्ही बघणार आहात ती हीच गोष्ट: भिंग कुठे थांबवायचं हे कुणी ठरवायचं?

पटवर्धनांची मुलं हा खेळ घेऊन देशभर फिरतील. तुम्ही मात्र कोल्हापूरला या.

१९१८. बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले एका यंत्रावर वाकलेले आहेत. चलच्चित्राचा कॅमेरा इथेच, आपल्या हातांनी बनवायचा, हे स्वप्न आनंदराव आणि बाबूराव या नात्यातल्या दोघा भावांनी मिळून पाहिलं होतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. कॅमेरा आता पुरा होतो आहे. तुमच्या हातात मोजपट्टी दिली जाते. एक टोक भिंगापाशी धरायचं आणि दुसरं नटाच्या नाकापाशी न्यायचं. अंतर मोजा, भिंग तेवढ्यावर लावा, मग हँडल फिरवा. नट दोन पावलं पुढे आला की चेहरा विरघळणार, म्हणून त्याला जागा आखून दिलेली आहे. १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर येईल. मराठी माणसाने बनवलेल्या कॅमेऱ्यातून तो सिनेमा टिपलेला असेल, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही, असं मला वाटतं.

आता काही दशकं झपाट्याने ओलांडा. भिवंडीत हातमागांच्या जागी यंत्रमाग आलेले आहेत. तुमच्या गळ्यात आगफा क्लिक-थ्री आहे, मध्यमवर्गीय घरातला पहिला कॅमेरा. त्याला फोकस जुळवायची कळच नाही. उजेडाचं छिद्र लहान ठेवलं की फाकणारी चकतीही लहान राहते, त्यामुळे काही पावलांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येतं. लहान कॅमेऱ्याने हा प्रश्न असा बाजूला ठेवला होता. पण मावशीच्या मांडीवरच्या बाळाचा चेहरा जवळून काढायला जा. तो पुसट येणार, आणि ते तुम्हाला कळणार रोल धुऊन आल्यावर.

१९७७. जपानच्या कोनिका कंपनीचा सी-३५ एएफ तुमच्या तळहातावर ठेवला आहे. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला आपोआप फोकस करणारा कॅमेरा. त्याच्या आतलं काळीज मात्र अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीचं आहे आणि ते घडवलं नॉर्मन स्टॉफर या अभियंत्याने. कळ दाबा. आतल्या दोन आरशांतून एकाच वस्तूची दोन चित्रं प्रकाशसंवेदी पट्ट्यांवर पडतात. एक आरसा स्थिर, दुसरा फिरता. दोन्ही चित्रं सर्वांत जास्त जुळली की आरसा कोणत्या कोनात होता यावरून अंतर कळतं आणि लेन्स त्या जागी थांबते. आपण दोन डोळ्यांनी अंतर ओळखतो, त्याचीच ही रीत. स्टॉफर यांची वर्षानुवर्षांची मेहनत एवढ्याशा तुकड्यात मावली आहे. या शोधांचं मोल किती होतं हे पुढे न्यायालयात दिसेल. हनीवेलने मिनोल्टा कंपनीवर पेटंटसाठी दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली.

तोच कॅमेरा मागावरून उतरलेल्या पांढऱ्या कोऱ्या कापडासमोर धरा. तो गोंधळतो. जुळवायला रेघ नाही, डाग नाही, तर दोन चित्रं जुळवणार कशी? कडा असतील तरच हे यंत्र बघू शकतं. 

यानंतरची सगळी धडपड भिंग झटपट हलवण्याची. फोनमधल्या चार मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्सला दूरच्या डोंगरावरून दहा सेंटिमीटरवरच्या पावतीवर यायला मिलिमीटरचा जेमतेम सहावा भाग सरकावं लागतं. चुंबक आणि तारेचं इवलंसं वेटोळं ते काम करतं. फार सुबक काम आहे, पण विचार कल्याणच्या कंदिलाचाच: भिंग सरकवा.

तो विचारच ज्यांनी बदलला त्यांच्याकडे आता जायचं आहे. मुंबई-आग्रा रस्ता भिवंडीच्या कडेने नाशिकला जातो. त्या नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेले, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ते कामाला लागले.

२००६. तुम्ही त्या प्रयोगशाळेत उभे आहात. रासकर, अमित अग्रवाल आणि जॅक टम्बलिन यांनी कॅमेऱ्यासमोर उघडझाप करणारी एक झडप बसवली आहे. एरवी फोटो काढताना झडप एकदा उघडते आणि एकदा मिटते. धावती गाडी तेवढ्या वेळात पुढे सरकते आणि तिचा नंबर फराटा होऊन बसतो. इथे झडप त्याच वेळात अनेकदा उघडते-मिटते, अडखळत, पण आधी ठरवलेल्या क्रमाने. फोटो तुमच्या हातात येतो तेव्हा तो फराटलेलाच असतो. मग संगणक त्याच क्रमाच्या आधारे फराटा उलगडतो आणि नंबर वाचता येतो. म्हणजे फोटो काढतानाच त्यात किल्ली पुरून ठेवली होती.

२००७. तीच युक्ती आता फोकससाठी, झडपेऐवजी छिद्रात. अशोक वीरराघवन आणि अंकित मोहन हेही या कामात आहेत. लेन्सच्या पोटातल्या गोल छिद्राच्या जागी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक नक्षीदार चकती ठेवली जाते. इथे थोडं थांबा, कारण मला यातलं सर्वांत सुंदर काम हेच वाटतं.

गोल छिद्रातून आलेला, फोकस सुटलेला ठिपका सपाट चकती होऊन पसरतो. सपाट चकती बारीक तपशील सरासरीत बुडवते, त्यातले काही तर साफ पुसून टाकते. जे पुसलं गेलं ते कितीही हुशार संगणकाला परत आणता येत नाही. पण छिद्राला नक्षी असेल तर फोकस सुटलेला प्रत्येक ठिपका त्या नक्षीचीच छोटी-मोठी प्रत होतो. नक्षी अशी निवडलेली असते की पसरतानाही सगळ्या बारकाव्यांचा काही ना काही अंश मागे राहतो. प्रत केवढी झाली यावरून वस्तू किती दूर होती तेही कळतं. मग फोटो काढून झाल्यावर, घरी बसून, चुकलेला फोकस जुळवता येतो. याच कामात त्यांनी दुसरा मुखवटा संवेदकाजवळ ठेवला आणि उजेड कुठे पडला यासोबत तो कुठल्या दिशेने आला हेही टिपलं. त्याच्या थोडं आधी स्टॅनफर्डमध्ये रेन एन्ग यांनी बारीक भिंगांच्या जाळीने हे साधलं होतं, आणि त्यातून पुढे लायट्रो हा कॅमेरा निघाला.

कल्याणला पडलेल्या प्रश्नाला इथे नवं उत्तर मिळतं. भिंग कुठे थांबवायचं हे आधी ठरवायलाच नको. उजेडाची माहिती हरवू देऊ नका, निर्णय नंतर घेता येईल. याची किंमतही आहे. नक्षीची चकती अर्धाअधिक उजेड अडवते, चित्रात दाणे येतात, गणितात वेळ जातो. ते त्यांनी लपवलेलं नाही.

२००९. रासकर आता एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये आहेत. तुम्हाला तीन मिलिमीटरचा एक प्रकाशमान ठिपका दाखवला जातो, नाव 'बोकोड'. नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच दिसतो. काही मीटर लांबून साधा कॅमेरा त्याच्याकडे धरा, पण फोकस अनंतावर लावा, म्हणजे मुद्दाम बिघडवा. ठिपका पसरतो आणि त्या पसरलेल्या चकतीत मजकूर उमटतो: ओळख, अंतर, कोन. भिवंडीच्या मानकोलीतल्या किंवा पडघ्यातल्या गोदामात ज्याने दिवसभर खोक्यांवरचे बारकोड स्कॅनरने टिपले आहेत, त्याला यातली गंमत लगेच कळेल. प्रत्येक खोक्याशी वाकायचं, अंतर जुळवायचं, पुन्हा वाकायचं, हा त्रास त्याच्या पाठीला ठाऊक आहे.

२०१०. फार पुढे जायचं नाही, फक्त एक खोली. व्हिटोर पॅम्प्लोना नावाचा ब्राझीलचा तरुण, त्याचे प्राध्यापक मान्युएल ऑलिव्हेरा, अंकित मोहन आणि रासकर. ते तुमच्या हातात मोबाइल देतात, त्यावर प्लास्टिकचं एक छोटं जोडभिंग लावलेलं आहे. डोळा त्याला चिकटवा. दोन रेघा दिसतात. बटणं दाबून त्या एकमेकींवर आणा. झाल्या? आता रेघा तिरक्या होतात. पुन्हा जुळवा.

तुम्ही काय केलंत? पडद्याच्या वेगवेगळ्या ठिपक्यांतून निघालेला उजेड तुमच्या डोळ्याच्या भिंगाच्या वेगवेगळ्या भागांतून गेला. डोळा निर्दोष असता तर रेघा आपोआप एकत्र आल्या असत्या. त्या आणायला तुम्हाला किती सरकवाव्या लागल्या, तेवढा तुमच्या डोळ्याचा दोष. सगळ्या तिरप्या दिशांनी मोजलं की चष्म्याचा नंबर निघतो. या उपकरणाचं नाव 'नेत्रा'. मोबाइलवर लावायच्या त्या जोडभिंगाचा खर्च मोजक्या डॉलरांचा. आतापर्यंत ही विद्या जगाकडे बघत होती, आता ती तुमच्या डोळ्याकडे वळली. या उपकरणाला तुमची साथ हवी, लहान मूल ते नीट करणार नाही, आणि काचबिंदू, मोतीबिंदू त्यात कळत नाहीत. त्यासाठी डॉक्टरच हवेत.

रासकरांना पुढे एका सेकंदात सुमारे एक लाख कोटी चौकटी टिपणारी, उजेडाचा प्रवासच दाखवणारी छायाचित्रणाची पद्धत जगभर नाव मिळवून देईल, २०१६ मध्ये लेमेलसन-एमआयटी हा पाच लाख डॉलरांचा पुरस्कारही मिळेल. तरी माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात 'नेत्रा' सर्वांत मोलाचं आहे, कारण फोकस चुकल्याने फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो, पण डोळ्याचा फोकस चुकलेला माणूस तसाच कामावर जातो.

त्या माणसाला भेटा. आजची भिवंडी, रात्रपाळी. मागांच्या दणदणाटात तुम्ही दोन ओळींमधल्या अरुंद जागेत उभे आहात. पंचेचाळिशीचा एक कारागीर तुटलेला ताण्याचा धागा फणीतून ओवतो आहे. मान मागे घेतो, हात लांब करतो, डोळे बारीक करतो. त्याच्या डोळ्यातलं भिंग वयाने कडक झालं आहे, जवळच्या वस्तूसाठी ते आता पुरेसं फुगत नाही. कापडात फट राहिली तर ती त्याच्या मजुरीतून वजा होणार. त्याला लागते ती साधी चाळिशी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की जगात किमान २२० कोटी लोकांच्या दृष्टीत दोष आहे आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अजून सुधारायचा राहिला आहे. नुसती चाळिशी न मिळाल्यामुळे जवळचं दिसत नाही असे ८२ कोटींहून अधिक लोक त्यात आहेत.

भिवंडीतल्या यंत्रमाग मालकांनी, गोदामांच्या ठेकेदारांनी आणि कामगार संघटनांनी वर्षातून एकदा कामाच्या जागीच डोळ्यांची तपासणी ठेवावी आणि त्याच दिवशी चष्मा हातात द्यावा. नेत्रतज्ज्ञ बोलवा, फोनवरचं साधन वापरा किंवा भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावा, पण रात्रपाळीच्या माणसांना त्यातून वगळू नका. वाचकहो, तुमच्या घरात कुणी चाळिशी ओलांडली असेल आणि वर्तमानपत्र हात लांब करून वाचत असेल, तर तुम्हीही या आठवड्यात त्यांना तपासणीला घेऊन जा.